दोन सीटची गाडी

निवृत्त होऊन आठ दिवसही झाले नव्हते, तोच पंजाबरावांनी बायकोला सांगितलं, "रत्नमाला, मले नागपूरले जाऊन एक गाडी पाह्याची हाय. तू बी चाल."

रत्नमालाबाई इंझोरीच्या अंगणवाडीत बावीस वर्षांपासून सेविका होत्या. पंजाबरावांची हयात कारंजा आगाराची एसटी चालवण्यात गेली होती. घरी आला की हा माणूस मोबाइलवर गाड्यांचीच माहिती वाचत बसायचा आणि इंजिन किती सीसीचं, वेग किती, टाकी किती लिटरची, हे सारं शाळेच्या वहीत उतरवून ठेवायचा. हे रत्नमालाबाईंना सवयीचं होतं. पण पाहायला नागपूरपर्यंत जायचं, हे नवीन होतं.

"घ्याची हाय का?"

"घ्याची नाही व, पाह्याची. छप्पर उघडते तिचं. अन् सीटा दोनच."

"दोन सीटच्या गाडीचं काय करता?"

"एकतीस वर्सं पन्नास-पन्नास माणसं घेऊन फिरलो. तू बी माह्या बसमधी बसली, पण मांगच्या सीटवर. बाजूले कधी बसली?"

रत्नमालाबाई चूल सारवल्यासारखा ओटा पुसत राहिल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज लिहिला.

पंजाबरावांनी शोरूमला आधी फोन करून खरं तेच सांगितलं होतं, की आपण कारंज्याकडून येतोय, पण गिऱ्हाईक नाही. फोनवरची मुलगी हसून म्हणाली, "या ना काका. मी बी तिकडचीच, जऊळक्याची हाय. आपल्याकडचं कोणी येत नाही इथं."

तिचं नाव राखी. नागपूरला शोरूमच्या दारात तीच उभी होती. काळी पँट, पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. तिने दोघांना पाणी दिलं आणि गाडीजवळ नेलं. गाडी लाल होती आणि इतकी बुटकी, की छप्पर रत्नमालाबाईंच्या खांद्याच्याही खाली आलं. राखीने एक बटण दाबलं. कापडी छप्पर घडी होत मागे गेलं आणि दिसेनासं झालं.

"दहा सेकंद," पंजाबराव म्हणाले. त्यांनी मनात मोजलं होतं.

"बरोबर. दोन लिटरचं टर्बो इंजिन, एकशे नव्वद हॉर्सपॉवर. शंभरचा वेग साडेसहा सेकंदात."

"अन् जमिनीपासून उंची?"

"एकशे वीस मिलिमीटर."

"मंग आमच्या गावच्या पहिल्याच गतिरोधकावर बसते ही!" पंजाबराव खो-खो हसले. "डिकी?"

"दोन बॅगा मावतात. हे कंपनीचं सुरुवातीचं मॉडेल हाय काका, सगळ्यात कमी किमतीचं. शोरूमची किंमत अडतीस लाख. टॅक्स, विमा धरून पंचेचाळीसच्या आसपास."

"म्हंजे जवळपास बसच्या भावात दोन सीटा," पंजाबराव म्हणाले. पण त्यांचा हात गाडीच्या दारावरून हलत नव्हता. राखीने ते पाहिलं. आत जाऊन ती मॅनेजरशी बोलली आणि चावी घेऊन आली.

"काका, लायसन हाय ना? एक चक्कर मारा."

पंजाबरावांनी खिशातून लायसन काढलं. मग ते थबकले. "अन् इले कुठं बसवू?"

राखी ओशाळली. कंपनीचा नियम होता. गाडी बाहेर निघाली की शोरूमचं एक माणूस आत हवंच. सीटा दोनच. म्हणजे एक पंजाबराव आणि दुसरी राखी.

"जा तुमी," रत्नमालाबाई म्हणाल्या. "मी बसतो इथं. एवढ्या लांब आले, तर चालवून घ्या."

पंजाबराव क्षणभर लाल गाडीकडे पाहत राहिले. मग त्यांनी चावी राखीच्या हातात परत दिली. "बाई, तूच चालव. इले फिरवून आण. म्या लय चालवल्या गाड्या."

"अवं, असं काहून?"

"बस म्हणलं ना!"

रत्नमालाबाई वाकून, पदर सावरत आत बसल्या. जमिनीवरच मांडी घातल्यासारखं वाटलं. शहराबाहेरचा रस्ता मोकळा होता. डोक्यावर आभाळ, कानात वारा. अंबाड्याच्या पिना सुटल्या तेव्हा त्यांनी सावरायचं सोडून दिलं. पण त्या आभाळाकडे फारशा पाहतच नव्हत्या. त्या राखीच्या हातांकडे पाहत होत्या. ही पोरगी स्टिअरिंग असं सहज वळवत होती, जशा आपण पोळ्या लाटतो.

"कवा शिकली तू?"

"नोकरी लागली तवा. तीन आठवडे लागले. पहिल्यांदा लय भेव वाटलं."

"मले येईन का? पंचावन्न वर्सं झाले मले."

राखीने गाडी हळू केली. "काकू, तुमच्या घरी तर मास्तर हाय!"

शोरूमसमोर पंजाबराव उन्हातच उभे होते. "कशी वाटली?" त्यांनी विचारलं.

"गाडी चांगली हाय," रत्नमालाबाई केस बांधत म्हणाल्या. "मले चालवाले शिकवा."

पंजाबरावांना आधी गंमत वाटली. मग त्यांनी तिचा चेहरा नीट पाहिला आणि परतीच्या बसमध्ये अमरावती येईपर्यंत ते क्लच म्हणजे काय, हेच समजावत राहिले.

पुढल्या महिन्यात त्यांनी कारंज्याहून एक जुनी पांढरी चारचाकी आणली. रोज सकाळी शाळेच्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. मैदानाशेजारच्या ओट्यावर बसलेली माणसं पहिले चार दिवस हसली, पाचव्या दिवशी सल्ले देऊ लागली. वाशिमला लायसनच्या परीक्षेत रत्नमालाबाई गाडी मागे घेताना खांबाला धडकल्या आणि नापास झाल्या. त्या रात्री जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र पहाटेच चावी मागायला उभ्या. पंजाबरावांनी मैदानात दगड मांडले आणि महिनाभर गाडी फक्त मागेच घ्यायला लावली. दुसऱ्या खेपेला त्या पास झाल्या.

लायसन हातात आलं त्या दिवशी अंगणवाडीची मदतनीस अंजू ते उलटसुलट करून बघत राहिली. मग पंजाबरावांकडे वळून म्हणाली, "काका, माहा नंबर कवा?"

आता मैदानावर सकाळी तीन बाया येतात. ओरडून ओरडून पंजाबरावांचा घसा बसलाय. रत्नमालाबाई त्यांना अद्रकाचा चहा करून देतात आणि म्हणतात, "उद्या तुमी आराम करा. अंजूले मी शिकवतो."