सहा मिनिटांत चाळीस

दवाखान्यात औषधाचे प्रमाण ठरवणारा प्रोग्रॅम चुकला आणि एका लहान मुलीला दुप्पट गोळी द्या म्हणाला. नर्सच्या वेळीच लक्षात आले म्हणून निभावले. खापर ताईवर फुटले, कारण तो बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रॅम बाहेर जाण्याआधी तपासायचे काम तिचे. तिला काढून टाकण्याचे पत्र साहेबांच्या खिशात तयार होते. फक्त कंपनीची कामाची पद्धत तपासणाऱ्या परीक्षक बाईंचा अहवाल यायचा होता.

शुक्रवारी दुपारच्या बैठकीत बाईंनी तो वाचला. "प्रोग्रॅममधला प्रत्येक बदल दुसरा माणूस वाचून मगच सही करतो का? होय. पैकीच्या पैकी गुण."

"म्हणजे पद्धत चोख आहे," साहेब म्हणाले. "चूक माणसाची."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाई, हे तुम्हाला कोणी सांगितले?"

"सगळ्यांनी. मी विचारते, लोक सांगतात."

"आणि सांगतात तसे करतात का, हे कोण बघते?"

"मोजायचे काम माझ्याकडे नाही."

ते काम कोपऱ्यात बसलेल्या मीटरकडे होते. कोणते काम कधी सुरू झाले, कधी संपले, याचे आकडे तो रोज गोळा करी, म्हणून सगळे त्याला मीटर म्हणत.

"तुझे तक्ते जातात कुठे रे?" ताईने त्याला विचारले.

"साहेबांच्या ड्रॉवरमध्ये. आजवर कोणी मागितले नाहीत."

"मी मागते. बाईंशेजारी बस. त्यांनी 'होय' वाचायचे, तू त्याची वेळ वाचायची."

"ताई, हे आज नको," साहेब म्हणाले.

"नोकरी आज जायची आहे, उद्या येऊन काय करू?"

मीटरने लॅपटॉप उघडला. "मागच्या शुक्रवारी चाळीस बदलांवर सह्या. चार पन्नास ते चार छप्पन्न."

बाईंनी चष्मा काढला. "एक बदल वाचायला किती वेळ लागतो?"

"निदान अर्धा तास," ताई म्हणाली.

"मग हे काय आहे?"

"पाच वाजता सह्यांचा आठवड्याचा फॉर्म बंद होतो. तोवर सह्या पडल्या नाहीत तर अहवालातले गुण जातात."

"कोणाच्या सह्या, तेही वाच की," साहेब म्हणाले.

मीटरने स्क्रीनवरून नजर उचलून ताईकडे पाहिले.

"मी सांगते," ती म्हणाली. "अकरा माझ्या. गोळीचा बदल त्यातलाच. मी तो उघडलाही नव्हता." ती मीटरकडे वळली. "आता साहेबांच्या किती, ते सांग."

"सतरा."

बाईंनी 'होय'वर काट मारली. "अहवाल परत घेते. सोमवारपासून मी विचारेन, आणि हा शेजारी बसून मोजेल."

"पत्र द्या, साहेब," ताई म्हणाली. "मी घेईन. पण माझ्या अकरांना एक पत्र, तर तुमच्या सतरांना किती?"

साहेबांचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

ताई जागेवर जाऊन बसली. राग उतरला नव्हता, आणि त्यातला निम्मा स्वतःवरच होता. तिने आठवड्यातला पहिला बदल उघडला. तो वाचायला चौतीस मिनिटे लागली. पाच वाजता फॉर्म बंद झाला, तेव्हा त्यावर एकच सही होती.