खोट काढणारा धाकटा

माझा धाकटा वायरलेस यंत्रं ओळखायची नोकरी करतो. एकाच कारखान्यातले दोन फोन दिसायला जुळे असले, तरी प्रत्येकाच्या लहरींत जन्मजात बारीकशी खोट असते म्हणे. नाव-नंबर बदलला, तरी ती खोट धरून फोन पकडता येतो.

तीच सवय त्यानं घरी आणली. चाळिशी आली, तरी एकीचं नाक, एकीची चाल, असं करत चार मुली नाकारल्या. काल पाचवी आली. गोड होती, पण हसताना घोड्यासारखी फुरफुरायची. हा लगेच स्वयंपाकघरात हजर. "आई, नको."

"गाढवा, एकही खोट नसलेला फोन तुला ओळखता येईल का?"

"नाही."

"मग तसली बायको गर्दीत कशी ओळखशील? जा, बाहेर बस!"

मागोमाग मी चहा घेऊन गेले. मुलगी म्हणाली, "काकू, ऐकलं मी सगळं. तुमच्या चिरंजीवांची खोट कोणती?"

"माझ्या मुलात खोट? शोधून सापडायची नाही!"

"मग मी यांना ओळखायचं कसं?" म्हणाली आणि फुरफुरली. धाकटाही हसला.

मला माझ्याच शब्दांत पकडणारी या घरात ही पहिलीच. मी खुर्ची ओढली. "आधी चहा पी गं. सांगायला वेळ लागेल."