मानाची राखी

शिवराज जहागीरदारांच्या पोटात दुखायला लागलं ते वांग्याच्या भरतापायी. भरीत त्यांना बाधलं नव्हतं. ते त्यांच्याआधी प्रेरणाला चाखायला मिळालं, हे बाधलं होतं.

जहागीर आजोबांच्या काळातच गेली, मागं उरली ती ‘सरकार’ ही हाक. हर्सूल तलावाकडच्या बंगल्यात आता पाहुणे भाड्यानं उतरत आणि सगळा कारभार प्रेरणा गायके बघे. कन्नड तालुक्यातल्या शेतकऱ्याची ही लेक नळ गळो की पाहुणा रुसो, ओढणी खोचून हजर. सरकारांचा तिच्यावर जीव जडला होता. पण मालकानं पगारी माणसापुढं मन उघडं करायचं कसं, या विचारातच त्यांची चाळिशी उलटली.

मग नाशिकहून अभय आला, नवा आचारी. सरकार इतकी वर्षं ‘गायकेबाई’च्या पुढं सरकले नव्हते, हा गडी आठवड्यात ‘प्रेरणा’वर आला. प्रत्येक भाजीचा पहिला घास तिला. त्याच्या विनोदांवर ती डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसे. सरकारांच्या विनोदांवर नुसतं ‘हो सरकार’ म्हणे. सरकार जळत होते. खानदानी माणूस वेगळा जळतो असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही, तोही तसाच करपतो.

राखीपौर्णिमेला भावाकडं जायला प्रेरणानं रजा मागितली, आणि सरकारांना नको ती अक्कल सुचली.

“यंदा बंगल्याचा जुना रिवाज पुन्हा सुरू करायचा,” ते म्हणाले. “कामावरच्या बायकांनी कामावरच्या सगळ्या पुरुषांना राखी बांधायची. ते झाल्यावर जा कन्नडला.”

“सगळ्यांना?”

“सगळ्यांना. अभयलासुद्धा.”

तिचा चेहरा उतरला. तो अभयसाठीच उतरला, असं सरकारांनी ठरवून टाकलं आणि त्यांचा आणखी जळफळाट झाला.

पौर्णिमेच्या सकाळी ओसरीवर माळी, ड्रायव्हर, वॉचमन रांगेनं उभे राहिले. अभयनं बाही वर सारून मनगट तयार ठेवलं होतं. सरकार खुर्चीत पाय पसरून गंमत बघायला बसले. प्रेरणा ताट घेऊन अभयकडं वळली, तशी थोरल्या सरकारांच्या वेळेपासून कामाला असलेली द्वारकाबाई ओरडली.

“तिकडं कुठं, बाई? पयली राखी सरकारला! थोरल्या सरकारापासून तसंच हाये. आधी मानाची, मग बाकीच्यांची.”

सरकारांच्या पायाखालची जमीन सरकली. वडिलांच्या मनगटावरच्या राख्या त्यांनी लहानपणी मोजल्या होत्या. पण डोक्यात अभय इतका भरलेला, की रिवाज सुरू कुठून होतो हेच ते विसरले होते.

प्रेरणा समोर आली. “हात द्या, सरकार.”

लहान पोरानं खाऊ लपवावा तसा सरकारांनी उजवा हात पाठीमागं नेला.

“आता काय झालं?” द्वारकाबाईनं विचारलं.

“मला यांची राखी नको.” सरकार ताटाकडं बघत म्हणाले. “मला यांचा भाऊ व्हायचं नाही.”

प्रेरणानं ताट टेबलावर ठेवलं.

“मग अभयला कशाला बांधायला लावत होता?”

“तो तुम्हाला प्रेरणा म्हणतो.”

वॉचमन फिसकन हसला. अभयनं गुपचूप बाही खाली ओढली. प्रेरणा मात्र हसली नाही. तिला राग आला होता, आणि रागावली की तिच्या तोंडी कन्नडची बोली येई.

“म्हंजे तुमच्या जळण्यापायी माझ्या भावाला ताटकळत ठेवलं? मला इचारायचं सोडून हुकूम सोडला? सरकार, हुकमानं माणूस कामावर येतं, घरात येत नाय. बोलायचं असंल तर आमच्या घरी या. माझ्या वडलांपुढं, अण्णांपुढं सतरंजीवर बसा अन् इचारा. अन् नाय म्हणलं तर ऐकून घ्यायची तयारी ठेवून या.”

पिशवी उचलून ती फाटकाकडं निघाली. सरकार खुर्चीतून उठले. आयुष्यभर त्यांनी माणसांना वेळा दिल्या होत्या, कुणाला वेळ विचारली नव्हती.

“कधी येऊ?” त्यांनी विचारलं.

ती फाटकाशी थांबली.

“आजचा दिवस भावांचा,” ती म्हणाली. “तुम्ही उद्या या.”