चंद्रभागाबाईंचा मोठा फोटो

सदाशिव पेठेत माझं फोटो छापून द्यायचं दुकान आहे. दारातच मी पाटी लावलीय: ‘व्हॉट्सॲपवर आलेले फोटो छापून मिळतील. चेहरा ओळखू येण्याची जबाबदारी आपली.’ लोक पाटी वाचतात, हसतात, आणि मग खिशातून फोन काढून तसलाच फोटो पुढे करतात. यावर माणसानं काय बोलावं?

आमचे हे म्हणतात, श्यामला, तू फार तापट आहेस. असेन. एक दिवस गल्ल्यावर बसा म्हणावं. फोनवर छान दिसतो तर भिंतीवर का नाही दिसत, हे दिवसभर समजावून सांगा आणि मग शांत राहून दाखवा. अहो, फोटो म्हणजे ठिपके. अंगणाच्या कोपऱ्यात ठिपक्यांची रांगोळी काढली तर भरीव दिसते. तेवढेच ठिपके अख्ख्या अंगणभर पसरले तर मोर राहणार आहे का तो? फोटोचंही तेच. एकदा कॅमेऱ्यानं जेवढे ठिपके टिपले तेवढेच. पुढे ताणाताणी करून त्यात भर पडत नाही.

हे न सांगता कळलेलं एकच माणूस मला भेटलं, ते म्हणजे आमच्या दुकानावरच्या खोलीत राहणारी अपेक्षा. मूळची वाशीमची. आठवडाभर हिंजवडीच्या कंपनीत मान मोडून काम करते आणि रविवारी कॅमेरा गळ्यात घालून मार्केट यार्डात जाते. तिथले फोटो ती आपल्या वेबसाइटवर विकते. आणि विकते कशी, तर प्रत्येक फोटोखाली लिहिते, हातात धरून बघायचा असेल तर एवढा छापा, भिंतीवर लावून चार पावलांवरून बघायचा असेल तर एवढा, याहून मोठा छापू नका, पैसे वाया जातील. मी म्हटलं, बाई गं, गिऱ्हाइकाला घेऊ नका म्हणणारे दुकानदार आम्ही पेठेत पुष्कळ आहोत, तू वाशीमहून कशाला आलीस त्यासाठी? तर हसली नुसती. पण खरं सांगते, मला तिचं फार कौतुक वाटायचं. इतकं सरळ लिहायला छाती लागते.

तर दिवाळीनंतर हिंमतराव आले. मार्केट यार्डात फुलांचा गाळा, फुरसुंगीकडचे, अंगानं आडवे, आवाज लिलावाचा. काखेत फ्लेक्सची गुंडाळी होती. कुणीतरी त्यांना अपेक्षाचा पत्ता दिला होता आणि ती वर नसल्यामुळे ते माझ्या दुकानात शिरले. मी तिला फोन करून बोलावलं. ती येईपर्यंत त्यांनी काउंटरवर गुंडाळी उलगडली.

“ही माझी आई,” ते म्हणाले.

काय सांगू! पुरुषभर उंचीच्या फ्लेक्सवर तपकिरी, हिरव्या, पिवळ्या चौकोनांचा नुसता ढीग. मध्येच कुठेतरी डोळा असावा असं वाटत होतं. एरवी मी पाटीकडे बोट दाखवलं असतं, पण त्यांच्या तोंडाकडे बघून गप्प बसले.

त्यांची आई, चंद्रभागाबाई, गेल्या वर्षी गेल्या. वर्षश्राद्ध तोंडावर आलेलं आणि घरात त्यांचा एक धड फोटो नाही. फोन समोर धरला की बाई तोंडावर पदर घ्यायच्या. आधार कार्डावरचा फोटो बघून तर नातवंडं हसायची. आणि मग हिंमतरावांच्या पुतण्याला अपेक्षाच्या वेबसाइटवर फूलबाजाराचा एक फोटो दिसला. झेंडूचे ढीग, क्रेट, हमाल, गिऱ्हाइकं, आणि डाव्या कोपऱ्यात ढिगामागे बसलेल्या चंद्रभागाबाई. तोंड उघडं, पदर खांद्यावर. पुतण्यानं फोनवरच त्या फोटोचा फोटो घेतला, तेवढा कोपरा कापला आणि फ्लेक्सवाल्याला दिला. फ्लेक्सवाल्यानं मुकाट्यानं ताणला.

अपेक्षा धापा टाकत आली. तिला बघून हिंमतराव म्हणाले, “पोरी, तू इकतीस तो खरा फोटो मला पायजे. मोठ्यातला मोठा दे. त्यातनं आमची आई तेवढी काढायची आन् गाळ्यात लावायची, देवाच्या वर. बाकीचं कायबी नको.”

तिला ती बाई चांगली आठवत होती. म्हणाली, “काका, मी आजींना हा फोटो दाखवला होता. वेबसाइटवर टाकू का म्हणून विचारलं. तर म्हणाल्या, टाक की, झेंडू चांगला आलाय.”

हिंमतरावांनी मान हलवली. “असंच बोलायची.”

आता ग्रुपमधून माणूस काढणं हे आमच्या धंद्यातलं रोजचं काम. आपल्याकडे माणूस जिवंत असेपर्यंत त्याचा एकट्याचा फोटो कुणी काढत नाही. गेल्यावर लग्नाच्या फोटोतून कापून आणतात, पुढच्या रांगेतल्या बाईच्या अंबाड्यासकट. कित्येक आजोबांना मेल्यावर मी कोट चढवलाय. त्यामुळे मी म्हटलं, आणा इकडे, करू काहीतरी.

अपेक्षानं लॅपटॉपवर मूळ फोटो उघडला. फोटो चांगला भरभक्कम होता, भिंतीवर पाच फुटी सहज जाईल असा. पण चंद्रभागाबाईंचा चेहरा त्यात केवढासा, उंचीला मोजून शे-दीडशे ठिपके. फ्लेक्सपेक्षा कितीतरी बरा, पण तेवढाच कापून छापायचा तर पासपोर्ट फोटोच्या पुढे जायला नको. हिंमतरावांना हवा होता दरवाजाएवढा.

“होत नाही काका,” अपेक्षा म्हणाली.

“पैशाचं मी काय म्हनलो का? मोठ्या फोटोचं मोठं पैसं घे.”

“पैशाचं नाही हो. त्यात आहे तेवढंच निघणार ना.”

हिंमतरावांचा चेहरा असा काही पडला की मला राहवलं नाही. मी नुकतंच ते नवीन सॉफ्टवेअर घेतलं होतं, अंधूक फोटो लख्ख करून देणारं. म्हटलं, थांबा जरा. चेहरा कापला, त्यात टाकला, बटण दाबलं. चहा येईपर्यंत स्क्रीनवर बाई हजर. डोळे पाणीदार, कातडी तुकतुकीत, पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा.

हिंमतराव खुर्चीतून उठले. “हीच. हीच आमची आई. छापा.”

मी पण खूश. छापायच्या मशीनला कागद लावायला निघाले, तर अपेक्षा म्हणाली, “काकू, थांबा ना. काका, आजींच्या कपाळावर गोंदण होतं का हो?”

“व्हतं की. मधोमध. आन् हनुवटीवर तीन ठिपकं.”

“यात कुठं आहे?”

हिंमतराव वाकून बघायला लागले. मीही बघितलं. कपाळ कोरं होतं, हनुवटी कोरी होती. त्या मशीनला गोंदण म्हणजे घाण वाटली असणार, त्यानं पुसून टाकली. मग अपेक्षानं शेजारी मूळ फोटो मोठा करून दाखवला. तिथे कपाळावर हिरवट डाग होता, अंधूक, पण होता. आणि मग एकेक दिसायला लागलं. खऱ्या बाईंचा डावा डोळा जरा बारीक होता, इथे दोन्ही सारखे. खऱ्या बाईंचे गाल बसलेले, इथे भरलेले.

“याला आजींबद्दल काहीच माहीत नाही,” अपेक्षा म्हणाली. “जिथं ठिपके कमी पडले तिथं यानं दुसऱ्या कुणाकुणाच्या म्हाताऱ्या भरल्यात. तुम्ही म्हणाल तर काकू छापून देतील. पण माझ्या फोटोतून काढलेलं आहे असं सांगून मी हा नाही विकणार.”

मला असा राग आला! गिऱ्हाईक हो म्हणतंय, त्याचं समाधान झालंय, वर्षश्राद्धाला चार लोक हात जोडतील, तुझं काय जातंय? मी तिला तसं बोललेही, त्यांच्यादेखत. म्हटलं, हिला फार शहाणपण आलंय. ती मागे हटली नाही. तशीच उभी राहिली, लॅपटॉप छातीशी धरून.

हिंमतराव मात्र स्क्रीनवरून नजर काढत नव्हते. म्हणाले, “गोंदताना लई रडली व्हती म्हनं. मला सांगायची सारखं.” मग खाली बसले. “न्हाय, ही न्हाय आमची. बंद करा ते.”

मी बंद केलं. चिडले होते, पण पोरीचं बरोबर होतं हे कळत होतं. आणि तिची वेबसाइट जेमतेम चालते हे मला माहीत होतं, असं गिऱ्हाईक तिच्याकडे रोज येत नाही. तरी तिनं त्याला खरं सांगितलं. मी नसतं सांगितलं, अगदी स्पष्ट सांगते.

“मग आता भिंतीवर काय लावू?” हिंमतरावांनी विचारलं. “कोरी ठिवू?”

“पूर्ण फोटो लावा,” अपेक्षा म्हणाली. “काही न कापता. पाच फुटी छापू. त्यात आजी वीतभर दिसतील, पण त्या आजीच असतील. तुम्ही काही भिंतीला नाक लावून बघणार नाही, गल्ल्यावरून बघणार. तिथून स्वच्छ दिसेल.”

त्यांना ते फारसं पटलं नव्हतं. एवढ्या गर्दीत आईला हुडकत बसू का, म्हणाले. पण दुसरा उपाय नव्हता. छापा म्हणाले आणि पाय ओढत गेले.

दोन दिवसांनी फोटो छापला. मी आजवर ढिगानं फोटो छापलेत, लग्नातले, बारशातले, पुढाऱ्यांचे तर विचारूच नका. पण तो कागद मशीनमधून इंच इंच बाहेर यायला लागला तशी मी हातातलं काम टाकून बघत उभी राहिले. काय पोरीनं टिपलं होतं! झेंडूची पाकळी न् पाकळी, क्रेटवर सांडलेलं पाणी, हमालाच्या मानेवरची शीर. फोनवर यातलं काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी अपेक्षाला म्हटलं, तू आहेस खरी कलाकार. तिला असलं काही ऐकायची सवय नाही, ती कागद सरळ करायला लागली.

हिंमतराव आले तेव्हा फोटो भिंतीवर टाचून ठेवला होता. ते सरळ पुढे गेले आणि नाक लावून बघायला लागले. अपेक्षानं त्यांना हाताला धरून दारापर्यंत मागे आणलं. “इथून बघा.”

ते बघत राहिले. ढिगामागे चंद्रभागाबाई बसल्या होत्या, वीतभर उंचीच्या, कपाळावर गोंदण, एक हात फुलांत. तोंड किंचित उजवीकडे वळवून कुणाकडे तरी बघत होत्या. कापलेल्या फोटोत ती नजर नुसतीच बाजूला गेलेली वाटायची. हिंमतराव ‘आई’ एवढंच म्हणाले. मग तिच्या नजरेमागून त्यांचीही नजर सरकत सरकत फोटोच्या उजव्या टोकाला गेली आणि ते चालत तिकडे गेले.

तिथे लिलावाची गर्दी होती. गर्दीच्या मध्ये क्रेटवर चढून एक आडव्या अंगाचा माणूस हात वर करून ओरडत होता. आपल्याकडे त्याची पाठ होती. निळ्या चौकड्यांचा शर्ट, काखेत उसवलेला.

“हा मी हाय,” हिंमतराव म्हणाले.

अपेक्षा त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

“गाळा झाला माझा, नाव झालं, तरी ही रोज यायची. ढीग लावून बसायची. मी म्हनायचो, घरी बस, मला लाज आनतीस, लोक म्हनत्यात एवढा व्यापारी आन् आई झेंडू इकती. भांडायचो हिच्याशी. म्हनलो, बसायचंच तर लांब बस, माझ्या गाळ्यासमोर नको.” ते फोटोवर हात ठेवायला गेले आणि शाई बिघडेल म्हणून मागे घेतला. “मला वाटायचं, पैशाची सवय सुटत न्हाय हिची.”

मी त्यांच्यामागे स्टूल सरकवलं. ते बसले नाहीत.

“पोरी,” ते म्हणाले, “तू एकच फोटो न्हाय काढत. लागोपाठ काढतीस ना? त्या दिवशीचं बाकीचं हायेत का? माझं तोंड तिच्याकडं हाय असा एखादा?”

अपेक्षानं लॅपटॉप उघडला. एकेक फोटो मोठा करून बघितला, दोन्ही टोकं नीट बघितली, घाई केली नाही. मला वाटत होतं, हिनं आता खोटं बोलावं. म्हणावं, सापडत नाहीत, उडाले.

“आहेत काका,” ती म्हणाली. “बरेच आहेत. पण सगळ्यांत तुमची पाठच आहे.”

हिंमतरावांनी मान हलवली. “आन् ती?”

“त्या सगळ्यांत तुमच्याकडेच बघताहेत.”