मोज्यातला फोन

फिल्म क्लबच्या दारात बसणाऱ्या काकूंना सगळे पाठीमागे हवालदारकाकू म्हणत. काकूंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये महिन्यातून एकदा सिनेमा लागायचा. आत जाताना फोन काकूंच्या हवाली करायचा, हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. प्रत्येक फोन एका जुन्या मोज्यात जायचा, मोज्याला खुर्चीचा नंबर टाचलेला, आणि मोजा पत्र्याच्या पेटीत. मोजे सगळे जोडीदार हरवलेले, सभासदांनीच घरून आणून दिलेले. आत फोन कितीही थरथरला तरी कुणाला पत्ता लागत नसे. क्लबच्या अध्यक्षांनी एकदा आपण डॉक्टर असल्याचं सांगून सूट मागून पाहिली होती. तुम्ही दातांचे डॉक्टर, दात काही दोन तासांत पळून जात नाहीत, असं म्हणून काकूंनी त्यांच्यापुढे मोजा धरला.

सिनेमाचं म्हणाल तर काकूंनी इतक्या वर्षांत एकही धड पाहिलेला नव्हता. उशिरा येणारे, मध्येच उठणारे, कागद चुरचुरवणारे, यांच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं तर पडद्याकडे बघणार कधी?

त्या दिवशी दोन छोटे सिनेमे होते, दोन्ही आयांवरचे. पहिला एका आदिवासी आईचा, दुसरा पॅलेस्टिनी आईचा. पहिला जिने केला ती दिग्दर्शिका स्वतः लांबून आली होती. दुसऱ्यानंतर चार शब्द बोलायला कोपऱ्यावरच्या शिवणवालीला बोलावलं होतं. ती मूळची तिकडचीच, आणि आता कित्येक वर्षं इथल्या लोकांच्या पँटा आखूड आणि झगे सैल करून देत होती. काकूंच्या कोटाचं अस्तर तिनेच बदललं होतं.

तर ही शिवणवाली दारात अडली. फोन देईना. तिची मुलगी तिकडेच राहिलेली, पहिलटकरीण. कळा सुरू झाल्याचा निरोप आदल्या दिवशी आला होता आणि त्यानंतर काही नाही. इकडून फोन लागतच नव्हता, तिकडून लागला तर नशीब. काकूंना कळवळा आला, नाही असं नाही. पण मागे रांग होती, आणि एकीला सोडलं की बाकीचे डोक्यावर मिऱ्या वाटणार.

"माझ्या मांडीवर ठेवते," काकू म्हणाल्या. "मोज्यात नाही, पेटीत नाही. वाजला की मी स्वतः आणून देईन. शब्द देते."

शिवणवालीने फोन दिला आणि पुढच्या रांगेत जाऊन बसली.

दिवे गेले. फोनवर लक्ष ठेवायचं म्हणून काकू आज जागच्या हलल्या नाहीत, आणि एका जागी बसलेल्या माणसाचे डोळे जाऊन जाऊन जाणार कुठे? पडद्यावर एका आदिवासी बाईचा मुलगा सरकारी वसतिगृहातून घरी आला होता. लहानपणी उचलून नेलेला. आईची भाषा बोललं की तिथे छड्या बसायच्या, म्हणून ती विसरूनच आलेला. तो काहीतरी मागतो आणि आईला कळत नाही. ती भाकरीसारखं काही पुढे करते, तो मान हलवतो. ती घोंगडी आणते. मग टोपी आणते. घरात होतं नव्हतं ते सगळं त्याच्यापुढे मांडून झाल्यावर तो उठून स्वतःच माठातलं पाणी घेतो. पाणी मागत होता मेला! काकूंना दोन मुलं, दोन्ही धडधाकट, दोन्ही आईच्या धाकात. तरी काकूंना हुंदका आवरेना.

दुसऱ्या सिनेमात एक आई बंद खोलीत मुलीकडून पाढे म्हणून घेत होती. बाहेर धमाका झाला की मुलगी गप्प व्हायची, "यम्मा" म्हणून आईला घट्ट धरायची, आणि आई पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. काकू तोंडावर पदर धरून बघत राहिल्या.

दिवे लागले तेव्हा त्यांची मांडी रिकामी होती.

फोन खाली पडला असेल म्हणून त्या वाकल्या. नव्हता. पेटी उघडून त्यांनी वरचाच मोजा चाचपला. डोळे पडद्यावर असताना हातांनी आपलं नेहमीचं काम केलं होतं. नंबर न टाचलेल्या मोज्यात शिवणवालीचा फोन निघाला, आणि त्यावर तीनदा येऊन गेलेल्या फोनची खूण.

ही गोष्ट दडपता आली असती. लाइन नव्हती, असं म्हटलं असतं तर कोण तपासायला जाणार होतं? पण काकू तशा नव्हत्या. त्या सरळ पुढे गेल्या आणि होतं ते सांगून मोकळ्या झाल्या. शिवणवालीने लावून पाहिला, परत लावून पाहिला. लागला नाही.

"मी रडत होते हो," काकू म्हणाल्या. "त्या पडद्यावरच्या बाईसाठी."

"सगळेच रडत होते," शिवणवाली म्हणाली.

तेवढ्यात अध्यक्षांनी तिचं नाव पुकारलं. काकूंनी त्यांना खुणेने थांबवलं, पण शिवणवाली उठलीच. नुसती बसून राहिले तर वेड लागेल, त्यापेक्षा बोलते, म्हणाली. मग तिने फोन पुन्हा काकूंच्याच हातात दिला.

"माझ्याजवळ असला तर मला शब्द सुचायचा नाही. वाजला तर तुम्ही उचला."

"अहो, मला तुमची भाषा कुठे येते?"

"बाळ रडताना ऐकू आलं तर हात वर करा. नाही आलं, तर माझं बोलणं संपू द्या."

काकू दाराशी उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे लोक आपापले मोजे मागायला आले, त्यांच्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. शिवणवाली आपल्या आईबद्दल सांगत होती. आवाज नीट होता, फक्त हात टेबलाची कड उसवल्यासारखे ओढत होते.

फोन थरथरला. काकूंनी दोन्ही हातांनी तो कानाला लावला. आधी नुसती खरखर. मग एक दमलेला, बसलेला आवाज.

"यम्मा?"

आणि त्या आवाजाच्या मागे कुणीतरी, अगदी चिमुकलं, बेंबीच्या देठापासून रडत होतं.

हात वर करायचा होता हे काकू साफ विसरल्या. फोन कानाला तसाच धरून त्या खुर्च्यांच्या मधून, बोलणं चालू असताना, पडद्याच्या दिशेने निघाल्या. शिवणवाली बोलायची थांबली. सगळा हॉल बघत होता आणि काकू आपल्या भाषेत, मोठ्याने, फोनमध्ये सांगत होत्या, "थांब हं बाळा, ठेवू नकोस. आईला देते."