उलंगवाडी नावाचं गाव

या, बसा असे लिंबाच्या सावलीले. चहा येऊन राहिला. तोपर्यंत एक गोष्ट सांगतो तुमाले. गोष्ट आपल्याच इकडची हाय, तेल्हाऱ्याची अन् अमरावतीची. नकाशात नसलेलं एक गाव कसं वसलं, अन् त्या गावापाई एक बाप आपल्या पोटच्या पोरीशी परक्यावानी कसा बोलाले लागला, त्याची हे गोष्ट. घाई नसन त आइका.

तेल्हाऱ्याच्या अलीकडं एका गावात पंजाबराव नावाचा शेतकरी हाय. काळं वावर, त्यात कपाशी. घरी बायको वच्छला अन् एकच पोरगी, अपेक्षा. पोरगी लहानपनापासून बोलाले तल्लख. शाळेत कोनाचं भांडन झालं का दोघायचीबी बाजू आइकून निकाल देनारी. पंजाबराव म्हने, "हे पोट्टी एक त वकील होईन, नाई त सासूले रडवीन." अपेक्षा दोन्ही नाई झाली. ते अमरावतीले पत्रकारिता शिकाले गेली.

कॉलेजात पैल्याच आठवड्यात उभी राहून म्हने, "सर, मले एक इचाराचं हाय." सारा वर्ग हासला. हासनारे काई पुन्याचे नोते बरं का. अकोटाचे होते, बार्शीटाकळीचे होते, अकोल्याचे होते. ज्यायच्या घरी मायबाप मले-तुलेच बोलते, तेच लय जोरानं हासले.

त्या दिवसापासून अपेक्षानं 'मले' गाठोड्यात बांधलं अन् खाटेखाली सरकवलं. 'मला' म्हनाले लागली. वावराचं शेत झालं, काहूनचं का झालं. आरशापुढं उभी राहून 'ण' घोटे. आता भाषा शिकनं वाईट नाई. मानसाले दोन बोल्या आल्या त दोन दरवाजे उघडते. पन या पोरीनं एक दरवाजा उघडतानी दुसऱ्याले कुलूप लावलं, तेवढं चुकलं.

घरी फोन लावे तरी तसंच. "बाबा, तुम्ही जेवलात का?"

पंजाबराव तिकडून म्हने, "कोन मॅडम बोलून राहिल्या? आमच्या अपेक्षाले द्या बरं जरा." अन् हासे. पन ते हासनं वरवरचं. त्याले ते जुनी पोरगी पाहिजे होती, जे फोन उचलल्याबरोबर "काय करून राहिले बाबा?" असं इचारे.

शिकता शिकता अपेक्षा एका बातम्यायच्या चॅनलात कामाले लागली. टीव्हीवरचं नाई, मोबाईलवरचं. तिथं सगळं कापनं-जोडनं ईशान नावाच्या पोराकडं. पोरगा अमरावतीचाच, मनानं बरा, पन घाईचा. "लोकांना वेळ नाही," हे त्याचं पालुपद. लोकायले वेळ नाई म्हनून यालेबी नाई.

दिवस होते फाल्गुनाचे. कपाशी सरली का वावरात वाळलेली पराटी उभी राहते, म्हनजे कपाशीची रिकामी झाडं. लोक ते उपटते, ढीग घालते अन् काडी लावते. सारा शिवार धुरानं भरते. ईशान म्हने, "अपेक्षा, तू त्याच भागातली ना? एखाद्या शेतकऱ्याला बोलतं कर."

अपेक्षा गावी गेली अन् बापापुढंच मोबाईल धरला. पंजाबरावनं धुतलेली टोपी घातली. वच्छला म्हने, "आमदारकीले उभे राहून राहिले काय?" पंजाबराव तिच्याकडं न पाहता बोलला, अन् मन मोकळं करून बोलला.

"उलंगवाडी झाली का आमी पराटी पेटवतो. सगळेच पेटवते. आमच्या आज्यापासून चालू हाय. बोंडअळी मरते, वावर मोकळं होते. पन यंदा म्या ठरवलं, बस झालं. धुरानं लेकरं खोकलते, अन् मातीतला जीव मरते तो अलगच. मी पराटीची कुट्टी करून वावरातच टाकून राहिलो. शेजारच्या भगवंतालेबी राजी केलं. हळूहळू गावालेबी करीन."

आता उलंगवाडी म्हनजे काय, हे इकडच्या मानसाले सांगा लागत नाई. शेवटचा कापूस येचला, हंगाम सरला, वावर खाली झालं, का झाली उलंगवाडी. लग्न आटपून मांडव सुना झाला तरी आपन म्हनतो, झाली बा उलंगवाडी.

अपेक्षा ते बोलनं घेऊन अमरावतीले आली. ईशान कापाले बसला. बाजूले बातम्या वाचनारी स्वराली होती. तिनं पंजाबरावची नक्कल केली, "राहिलो, राहिलो! अगं, कुठे राहिले हे? अजून शेतातच राहिलेत का?" सारे हासले. अपेक्षाबी हासली.

ईशाननं पैले दोन वाक्य ठेवले अन् बाकीचं छाटलं. म्हने, "पुढचं भाषण आहे, लोक ऐकणार नाहीत." मंग ठळक अक्षरं टाइप करता करता त्यानं इचारलं, "हे उलंगवाडी तेल्हारा तालुक्यातच येतं ना?"

तिले सांगाचं होतं का बापा, ते गाव नोहे, तो आमचा शब्द हाय. पन सांगाचं म्हनजे खाटेखालचं गाठोडं या साऱ्यायपुढं सोडाचं. आताच कुठी हासनं थांबलं होतं. अपेक्षा म्हनाली, "हो."

अन् त्या एवढ्याशा 'हो'नं एक गाव वसलं!

बातमी निघाली: उलंगवाडीत धुराचं साम्राज्य, 'आम्ही पेटवणारच', शेतकऱ्याची मुजोरी. पंजाबराव 'पेटवतो' म्हनला होता, त्याचं 'पेटवणारच' झालं. खाली लोकायनं काय काय लिहिलं. एकजन म्हने, या गावाचं अनुदान बंद करा. एका बहाद्दरानं त लिहिलं, मी उलंगवाडीला जाऊन आलो आहे, फार अस्वच्छ गाव आहे.

गावातल्या मोबाईलायवर बातमी फिरली. पारावर लोक म्हने, "या या, उलंगवाडीचे पाटील!" तेवढं पंजाबरावनं हासन्यावारी नेलं. पन भगवंत काडीपेटी घेऊन त्याच्यापुढं उभा राहिला. "तू तिकडं पेटवतो म्हनतं अन् आमाले कुट्टी शिकवतं? आमीच येडे काय?" त्यानं जाऊन आपला ढीग पेटवला. भगवंताचं पाहून बाजूच्यानं, बाजूच्याचं पाहून पलीकडच्यानं, जे जे मांगून राजी झाले होते त्या साऱ्यायनं. कुट्टीच्या मशीनची वाट पाहून राहिलेले ढीग त्या दिवशी सारे राख झाले.

अपेक्षानं घरी फोन केला.

"नमस्कार," पंजाबराव म्हनला. "होय, मी जेवलो आहे. तुझा अभ्यास व्यवस्थित चालू आहे ना? बरे. ठेवतो."

तिले वाटलं, बाबा गंमत करून राहिले. दुसऱ्या बारीलेबी तसंच. तिसऱ्या बारीलेबी. शाळेच्या पुस्तकातून वाचल्यावानी एक एक शब्द. शेवटी मायनं फोन घेतला अन् बाजूले जाऊन सांगतलं, "आपल्या बोलन्याचा लोक उलटा अर्थ लावते म्हनते तुहा बाप. तुहा फोन आला का घसा साफ करते, तहसीलदाराचा आल्यावानी. मंग बोलते. फोन ठेवला का बसून राहते."

"माझ्यावर चिडलेत का गं ते?"

"चिडले असते त बरं झालं असतं, बाई. शिव्या त आपल्या बोलीत देल्ल्या असत्या."

अपेक्षाले मंग काईच गोड लागे ना. डब्यातली भाजी चांगली असे, पन "खाल्लं काय वं?" असं इचारनारा आवाज नोता. इतके दिवस तो आवाज रोज येत होता त तिले लाज वाटे. आता येत नोता त जीव त्याच्यामांगं फिरे. तिच्या मोबाईलात बापाचं न कापलेलं बोलनं होतं. कॉलेजातून आली का ते खोलीत बसून तेच लावे. वावरातला वारा, मायची टिंगल, अन् बापाचं ते "टाकून राहिलो". ज्या 'राहिलो'ले हासली, तेच 'राहिलो' पुन्हा पुन्हा आइके.

खोली होती बापूसाहेबायच्या घरची. बापूसाहेब म्हनजे जुने वकील, आता घरीच राहते. त्यायची बायको कुंदाकाकू. एका संध्याकाळी बापूसाहेबायनं तिले बाहेर ओट्यावर बोलावलं. "काय गं, रोज कोणाचं भाषण ऐकतेस? आम्हालाही ऐकव."

अपेक्षानं पुरं आइकवलं. मंग चॅनलवरची बातमी दाखवली. बापूसाहेबायनं चष्मा काढला.

"उलंगवाडी हे गाव कोणी शोधलं?"

"ईशानने कापलं, काका. शीर्षक त्यानेच दिलं."

"ते कळलं. त्याने विचारल्यावर 'हो' कोण म्हणालं?"

अपेक्षाच्या डोळ्यातून पानी आलं. कुंदाकाकू म्हने, "अहो, पोर रडतेय अन् तुम्ही उलटतपासणी कसली घेता?"

"रडू दे, पण ऐकू दे. हे बघ अपेक्षा, खोटी साक्ष दोन तऱ्हेची असते. नसलेलं सांगणारा कधी ना कधी सापडतो. पण खरं सांगायला लागून अर्ध्यात थांबणारा सापडत नाही. कारण त्याचा शब्दन् शब्द खरा असतो. तुमची बातमी तशी आहे."

अपेक्षानं डोळे पुसले. भांडन लागलं का दोन्ही बाजू पाहाची तिची खोड काई गेली नोती. "पण काका, धूर तर खराच आहे ना? आमच्या गावात पेटवतातच. तेही लपवायचं का?"

"मुळीच नाही. धूर खरा आहे म्हणूनच चूक मोठी झाली. जो माणूस तो विझवायला निघाला, त्यालाच तुम्ही पेटवणारा ठरवलंत. आता दुसरा कोणी निघेल का? माती वाचवायची तर ज्याच्या हातात माती आहे त्याचं म्हणणं आधी समजायला हवं, आणि ते तो त्याच्याच शब्दांत सांगणार. शब्दाचं गाव करून टाकलंत, मग उपाय काय डोंबलाचा कळणार? आणि धूर फक्त खेड्यातच असतो का? या गल्लीच्या कोपऱ्यावर रोज सकाळी प्लास्टिक जळतं. त्याची बातमी केली का तुमच्या ईशानने?"

"त्यात आपल्या घरच्याही पिशव्या असतात," कुंदाकाकू हळूच म्हनाल्या.

बापूसाहेबायनं चष्मा पुन्हा डोळ्यावर चढवला. वकील मानूस असा चष्म्याशी खेळाले लागला का समजाचं, मुद्दा बरोबर बसला. मंग म्हने, "उद्यापासून नाही जाणार त्या." अन् खरंच नाई गेल्या.

दुसऱ्या दिवशी अपेक्षा ऑफिसात गेली ते सिदी ईशानच्या टेबलापुढं उभी राहिली.

"ईशान, उलंगवाडी नावाचं गाव नाई. तो आमचा शब्द हाय. कपाशी सरली का म्हनते. तुनं इचारलं तवा म्या खोटं सांगतलं, काहून का मले लाज वाटत होती."

स्वराली सवयीनं हासाले गेली. अपेक्षाच्या तोंडाकडं पाहून तिचं हासनं विरलं.

ईशान म्हने, "अगं, जुनी झाली ती बातमी. आता चूक कबूल केली तर आपलं हसं होईल."

"होऊ दे. माह्या बाबाचं झालं नं? अन् त्यायच्यापाई जे ढीग जळाचे थांबले होते, तेबी जळले. ते राख कोनाच्या नावावर लिहाची?"

तेवढ्यात स्वराली म्हने, "माझी आजी दर्यापूरची. ती म्हणायची उलंगवाडी. मला लहानपणी वाटायचं, शिवी देतेय." सारे हासले, पन यावेळचं हासनं अलग होतं. ईशाननं खुर्ची सरकवली. "आण ते पूर्ण. आणि चूक कोणाची हे तूच बोल. तुझ्याच भाषेत बोल."

अपेक्षा आपल्या बोलीत बोलली. गाव नाई, शब्द हाय. बाप पेटवनारा नाई, थांबवनारा हाय. चूक माही हाय, चॅनलचीबी हाय. मंग पंजाबरावचं सारं बोलनं लावलं, एक अक्षर न कापता. पैल्या बातमीएवढ्या लोकायनं काई ते पाह्यलं नाई. आग पाहाले गाव जमते, इझवनाऱ्याले पाहाले कोन येते?

मंग अपेक्षा एसटीत बसली. अकोल्याले गाडी बदलून तेल्हाऱ्याले उतरली अन् घरी पिशवी टाकून वावरात गेली. पंजाबराव एकटाच कुट्टीच्या मशीनले पराटी लावून राहिला होता. बाजूले भगवंताचं वावर काळंठिक्कर.

"आलीस का?" पंजाबराव म्हनला. "प्रवास सुखाचा झाला ना?"

तिनं माफी-बिफी काई मागतली नाई. ओढनी कमरेले खोसली अन् पराटीचा भारा उचलला.

"सरका तिकडं बाबा. मले जमते. तुमी सकायपासूनचे उभे, पाय दुखून नाई राहिले काय? असे काहून पाहून राहिले माह्याकडं?"

पंजाबरावनं मशीन बंद केलं. दुपट्ट्यानं तोंडावरचा भुसा पुसला. लय येळ पुसत राहिला, भुसा तेवढा नोता.

"हात सांभाळजो वं, बाई," तो म्हनला. "हे मशीन बोटं खाते."

एवढंच. पन अपेक्षा भारा तसाच धरून रडली.

बांधावर भगवंत येऊन उभा होता. त्यानंबी पुरी बातमी पाह्यली होती. म्हने, "पंजाबभाऊ, पुढच्या उलंगवाडीले मशीन पैले माह्या वावरात."

"पैले खिशातली काडीपेटी दे इकडं," पंजाबराव म्हनला. "मंग मशीनचं पाहू."

भगवंतानं देल्ली. पन जे माती जळली ते त्या साली काई परत आली नाई, हेबी सांगा लागते, नाई त मीबी अर्ध्यातच थांबलो असं होईन.

त लोकहो, अर्धं खरं हे पुऱ्या खोट्याहून वाईट, कारन त्याले पकडता येत नाई. आपल्या बोलीची लाज धरली का तिच्यात ठेवलेलं शहानपनबी मातीत जाते, अन् मातीचं म्हनाल त काडी लावनारा खेड्यातला का शयरातला, हे तिले समजत नाई, ते सारखीच जळते. बातमीत एखादा शब्द समजला नाई त त्याचं गाव करू नोका. त्या शब्दाच्या मानसाले जाऊन इचारा.

घ्या, चहा आला. माहं एकच मागनं हाय तुमाले. हे गोष्ट घरी जाऊन सांगसान त पुरी सांगजा, मधात कुठी कापू नोका. अन् सांगजा ते आपल्या मायच्या बोलीत.