मी, पीराच्या मैदानावरचा फळा

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे आणि सध्या माझं डोकं ठिकाणावर नाही. इतर जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना गोडगोड बोलतात. मला ते जमणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

मुळात मी फळा नव्हतोच. विट्याच्या एका ट्रकचा मी मागचा लाकडी फाळका होतो. ऊस, विटा, कांदे, म्हशी, सगळं माझ्या अंगाला घासून गेलं. ट्रक भंगारात निघाला तेव्हा पीरमहंमद शिकलगार नावाच्या माणसानं मला सायकलला आडवं बांधून आणलं, रंधा मारला, काळा रंग दिला आणि एका कॉलेजच्या हॉकीच्या मैदानाशी, फाटकाजवळ दोन खांबांवर ठोकलं. फाळक्याचा फळा झाला. कॉलेज कुंडलच्या बाजूला आहे, एवढंच सांगतो. नाव माझ्याकडून काढून घेऊ नका. नावानंच सगळा घात केलाय.

पीरमहंमद कागदोपत्री शिपाई. मैदान झाडायचं, पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या. पण लहानपणी ते बापाबरोबर लष्कराच्या छावणीत सुऱ्या-कात्र्यांना धार लावायला जायचे. तिथं जवानांची हॉकी बघून बघून शिकले. खेळाचे सर कॉलेजला होते, नाही असं नाही. ते सही करायचे. शिकवायचे ते पीरमहंमद, तेही पगारात नसलेलं काम. एकतीस वर्षं. पोरी त्यांना पीरचाचा म्हणायच्या.

मैदानाला संस्थेनं एका थोर माणसाचं नाव दिलं होतं, संगमरवरी पाटीसकट. पण पाटी वाचतंय कोण? खेळणाऱ्या पोरी आपापसात म्हणायच्या, पीराचं मैदान. 'कुठं निघालीस गं?' 'पीराच्या मैदानावर.' हे नाव फक्त त्यांच्यातलं. बाहेरच्या कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

माझ्यावर चाचा संघाची यादी लिहायचे, सरावाची वेळ लिहायचे, निकाल लिहायचे. अक्षर म्हणाल तर कोंबडीचे पाय. कॉलेजची झाडलोट करणाऱ्या बनुबाई येता-जाता टोमणा मारायच्या, "आवं चाचा, ह्ये लिवलंय का चुना उडालाय?" चाचा हसायचे आणि तसंच वेडंवाकडं पुढं लिहायचे. मला ते अक्षर आवडायचं. आता म्हणायला काय हरकत आहे?

या मैदानावरून दोन पोरी फार पुढं गेल्या. एक रेश्मा, कुंडलची, फौजीची पोर. चेंडू तिच्या स्टिकला गूळ लावल्यासारखा चिकटायचा. दुसरी फिरदोस, विट्याच्या बेकरीवाल्याची. ती गोलरक्षक. तिचे पहिले पॅड चाचांनी जुनी गादी फाडून शिवले होते. पहिला चेंडू बसला तेव्हा कापूस उडाला आणि सगळं मैदान हसलं, फिरदोससुद्धा. त्याच दोघी यंदा महिलांच्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये खेळत होत्या. संघ वेगवेगळे. आणि दोन्ही संघ शेवटच्या चाराच्या वाटेवर होते!

झालं. चाचांनी मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'आपल्या पोरी'. खाली रोजचा निकाल. रेश्माचा एक गोल, लिहा. फिरदोसनं चार चेंडू अडवले, लिहा. कॉलेजची पोरं-पोरी थांबून वाचायची. एरवी मला कोण विचारतंय हो? पण त्या पंधरा दिवसांत माझा भाव लय वधारला होता.

त्याच दिवसांत ऋषिराजदादा आले. दादा संस्थेचे सेक्रेटरी. पांढरा शर्ट, पांढरी गाडी, आणि दातही तसेच पांढरे. माझ्याकडं पाठ करून ते चाचांना म्हणाले, "चाचा, इथं लॉन करायचं ठरतंय. लग्नाचं. हॉकी आता बघतंय कोण?"

"आवं दादा," चाचांनी दोन्ही हात जोडले, "आपल्या दोन पोरी टीव्हीवर खेळत्यात. आन् ही यंदाची कप्तान बगा, माया. रेश्माच्या तोडीची हाय. आणिक दोन वर्सं द्या."

दादांनी मायाकडं पाहिलं नाही. "असं करू. त्या दोघींपैकी एकीनं टीव्हीवर कॉलेजचं नाव घेऊ दे. एकदाच. मैदानाला हात लावणार नाही, हा माझा शब्द. सोमवारी मीटिंग आहे."

गाडी गेली. बनुबाईंनी झाडू टाकला. "आता बगताय काय? लावा फोन पोरींला!"

"न्हाई गं बनुबाई."

"का न्हाई?"

"बाद फेरीचा खेळ हाय. येक चुकली की घरी. अशा टायमाला पोरींच्या डोस्क्यावर आपलं वझं कशाला ठिवायचं? आपल्या वळणाच्या हाईत त्या. आपसूक घेत्याल नाव."

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या दिवशी ओरडलो असतो. अहो, एक फोन! पण चांगल्या माणसांना हा एक रोगच असतो. दुसऱ्याला त्रास नको, त्रास नको, म्हणत स्वतःचं घर उन्हात बांधतात.

दोन्ही संघ शेवटच्या चारात पोचले. गुरुवारी उपांत्य सामना. आणि नशिबाची खोड बघा, आपल्या दोघीच समोरासमोर. संध्याकाळी सहाला चाचांनी मोबाईल माझ्या खडूच्या पट्टीवर उभा केला. पुढं चाचा, बनुबाई, माया आणि संघातल्या सगळ्या पोरी मांडी घालून बसल्या. मोबाईलची पाठ माझ्याकडं. म्हणजे सामना मी पाहिला तो या सगळ्यांच्या तोंडांवर. एकीचा संघ पुढं गेला की चाचांचा अर्धा चेहरा खुलायचा आणि अर्धा पडायचा.

बरोबरी झाली. मग शूटआउट. शेवटची संधी रेश्माची, आणि अडवायला फिरदोस. चाचांनी टोपी डोळ्यांवर ओढली. "उलट्या स्टिकचा झुलवा म्याच शिकवलाय रेश्मीला," ते पुटपुटले, "आन् त्याला भुलू नगंस म्हून फिरदोसला बी म्याच शिकवलंय. आता म्या काय करू?" पोरी एकदम किंचाळल्या. गोल झाला होता. रेश्मा अंतिम फेरीत, फिरदोस घरी.

"हसताय का रडताय?" बनुबाईंनी विचारलं.

"दोनी आपल्याच की गं," चाचा म्हणाले आणि टोपीनंच डोळे पुसले.

तेवढ्यात मोबाईलमध्ये कुणी बाई हिंदीत विचारू लागली. रेश्मा, हॉकी कहाँ सीखी? आणि आमची रेश्मा, घामानं निथळलेली, धापा टाकत, जसं रोज बोलायची तसं बोलून गेली. "हमारे पीर के मैदान पर. सब पीर की मेहेरबानी है."

"चाचा, तुमचं नाव! टीव्हीवर तुमचं नाव!" पोरी उड्या मारायला लागल्या. चाचा उठून उभे राहिले. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. एकतीस वर्षांत त्या माणसाचं नाव कुणी कुठं घेतलं नव्हतं. ना गॅदरिंगला, ना बक्षीस समारंभात. ते माझ्यावर काहीतरी लिहायला आले, खडू टेकवला आणि तसेच थांबले. बनुबाईंनी तेवढा झाडू उचलला. मग हळूच म्हणाल्या, "आन् कॉलेजचं नाव?"

चाचांनी खडू खिशात टाकला.

शुक्रवारी सकाळी काय झालं ते ऐका. हरणाबाई नावाची एक म्हातारी शेजारच्या गावाहून चालत आली. डोक्यावर पदर, हातात नारळ, ऊद, चिमूटभर साखर. फाटकात उभी राहून विचारू लागली, "हितं पीर कुठं हाय वं? काल टीव्हीवर दावला. कुंडलची पोर म्हनली, लय पावतोय. ती ह्याच मैदानावर खेळायची न्हवं? माझ्या नातीची पोलीस भरती हाय."

चाचा चुना आणायला गेले होते. तिला सांगणार कोण? म्हातारीला दुसरं काही दिसेना, म्हणून माझ्या खांबाशी तिनं ऊद लावला, साखर ठेवली आणि नारळ फोडला. पाणी माझ्या अंगावर उडालं. आमच्या भागात पीर म्हटलं की कुणी जात विचारत नाही. चांगभलं म्हणणाराही तिथं नारळ ठेवतो. त्या माउलीनं मला हात जोडले. आयुष्यभर लोकांनी माझ्यावर म्हशी घासल्या, आणि ही बाई माझ्या पाया पडते! हसावं की रडावं?

पण कुणीतरी फोटो काढला. दुपारपर्यंत तो फोटो तालुकाभर फिरला. 'कॉलेजच्या जागेत पीर निघाला.' एक म्हणाला, आजोबा सांगायचे, इथं पूर्वी थडगं होतं. दुसरा म्हणाला, आमच्या जागेवर हे कसं चालवून घ्यायचं? मशिदीचे दोन वयस्कर पंच मुद्दाम येऊन सांगून गेले, की बाबांनो, आमच्याकडं असल्या पीराची नोंद नाही. ते कुणी ऐकलं नाही. जे ऐकायचं नसतं ते माणसांना ऐकू येत नाही.

संध्याकाळी पांढरी गाडी आली. "चाचा, आज नारळ फुटला, उद्या सातबाऱ्यावर नाव चढेल," ऋषिराजदादा म्हणाले. मागं पाच-सहा जण उभे होते.

"आवं दादा, पीर म्हंजे मी!" चाचांचा आवाज चिरकला. "मी! पीरमहंमद! हजेरीपट काडून बगा. पोरी मला पीर म्हनत्यात. हितं दुसरा कंचा पीर न्हाई."

दादा जवळ आले. मागच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू बोलले, पण मला ऐकू आलं. "तुम्हीच पीर, हे मला ठाऊक नाही का चाचा? पण लोकांना आता काय काय सांगत बसू? आणि कॉलेजचं नाव तर आलं नाहीच."

त्यांना ठाऊक होतं, मित्रांनो! म्हातारी चुकली ती भाबडेपणानं. रेश्मा चुकली ती प्रेमानं. हा माणूस चुकलाच नाही. त्याला आयतं निमित्त मिळालं आणि त्यानं ते उचललं. त्याचा राग मला अजून आहे, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

शनिवारी मैदानाला तारेचं कुंपण घातलं. चाचांची बदली वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीवर झाली. रविवारी रेश्माच्या संघानं अंतिम सामना जिंकला. तो निकाल माझ्यावर कुणी लिहिला नाही. सोमवारची मीटिंग चहा गार व्हायच्या आत संपली.

मे महिन्यात लॉनचं उद्घाटन आणि रेश्माचा सत्कार एकाच मांडवात उरकायचं ठरलं. रस्त्याला फ्लेक्स लागला. त्यावर दादांचा चेहरा गाडीच्या चाकाएवढा आणि रेश्मा कोपऱ्यात, टपाल तिकिटाएवढी. माझ्यावर पांढऱ्या ऑइलपेंटनं बाण काढला आणि लिहिलं, 'गाड्या इकडे लावा'. खडूचं लिहिलेलं पुसता येतं. हे पुसता येत नाही.

रेश्मा आणि फिरदोस एकाच गाडीतून उतरल्या. गोलपोस्ट शोधत त्या इकडं-तिकडं बघत राहिल्या. गाड्यांच्या रांगेत तोंडात शिटी धरून चाचा उभे होते. त्या दिवशी त्यांना पार्किंगची ड्यूटी लावली होती.

"चाचा, मैदान कुठाय?" रेश्मानं विचारलं.

"व्हतं ते. जुनं झालं व्हतं, पोरी. आता हिरवंगार केलंय बग. तू वर जा, लोकं थांबल्यात."

चाचा सांगणार नव्हते. पण बनुबाईंना राहवलं नाही. ऊद, नारळ, फोटो, दादांचा शब्द, सगळं त्या एका दमात बोलून गेल्या. रेश्माचा चेहरा उतरत गेला. फिरदोसनं तिचा दंड धरला.

"म्हंजे माझ्यामुळं?" रेश्मा म्हणाली. "आवं चाचा, फोन का न्हाई केला? कॉलेजचं नाव धा येळा घेतलं असतं की मी!"

चाचांनी शिटी काढली. "तुज्या खेळात ध्यान राहू दे म्हनलं," ते म्हणाले. "माजंच चुकलं."

वर तिचं नाव पुकारलं. ती गेली. शाल घेतली, नारळ घेतला, आणि माईक हातात घेऊन म्हणाली, "माझ्या गुरूंचं नाव पीरमहंमद शिकलगार. पीरमहंमद शिकलगार! पीर म्हंजे ह्योच मानूस. तो बगा तिकडं हुबा हाय, तुमच्या गाड्या लावत."

सगळा मांडव मागं वळला. मग टाळ्या पडल्या, आणि सगळ्यात जास्त वेळ टाळ्या वाजवल्या त्या ऋषिराजदादांनी. चाचांनी मान खाली घातली. तेवढ्यात मागच्या गाडीवाल्यानं हॉर्न दिला. चाचांनी शिटी फुंकली आणि हातानं त्याला पुढं घेतलं.

मित्रांनो, तुम्हाला कुणी काही शिकवलं असेल, चूल पेटवायला का होईना, तर त्याचं नाव घ्या. पुरतं घ्या, आडनावासकट, आणि तो माणूस जागेवर असतानाच घ्या. ज्या मैदानावर पडून गुडघे फुटले त्याची चौकशी अधूनमधून करत जा. सत्काराच्या दिवशी येऊन डोळे पुसण्यात काही राम नाही.

त्या दिवशी टाळ्या लय झाल्या. माया आता हॉकी खेळत नाही.